सेवा करणाऱ्या हातांना अभयदान
(ग्रामीण रुग्णालयातील कर्मचारी आणि हिपॅटायटिस 'बी' : सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या न्यासाने पन्नास वर्षे अखंड सेवेचे व्रत चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. गावोगावी समाजाने चालविलेले धर्मादाय दवाखाने, प्रसूतिगृहे, नेत्रशिबिरे आणि रक्तदान शिबिरे ही औषधदानाचीच आधुनिक रूपे होत. रुग्णाच्या हाती औषध पडले की औषधदान पूर्ण झाले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ते औषध ज्या हातांनी रुग्णापर्यंत पोहोचते, त्या हातांचे काय? रात्री-अपरात्री बाळंतपण करणारी परिचारिका, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, जखम धुणारा वॉर्डबॉय, खोली पुसणारी मावशी यांना अभयदान कोणी द्यावयाचे? औषधदान आणि अभयदान ही दोन दाने जेथे एकत्र येतात, त्या जागेविषयीचे हे विवेचन आहे.

रोगाचा परिचय

सर्वसामान्य माणूस 'कावीळ' या एकाच शब्दात अनेक रोग बसवितो. वस्तुतः कावीळ हे लक्षण आहे. रोग यकृताचा असतो. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ खेडोपाडी परिचित आहे. ती बहुधा काही आठवड्यांत बरी होते. रक्तातून आणि शरीरातील अन्य द्रवांतून पसरणारा हिपॅटायटिस 'बी' हा मात्र वेगळ्या जातीचा शत्रू होय. बाधित रक्ताचा संसर्ग, दूषित सुई, असुरक्षित शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे, हे त्याचे प्रमुख मार्ग आहेत.

या विषाणूचा माग अमेरिकी शास्त्रज्ञ डॉ. बारूख ब्लमबर्ग यांनी काढला. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेल्या आणि म्हणून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' या नावाने ओळखल्या गेलेल्या घटकाविषयीचे त्यांचे संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा घटक म्हणजे या विषाणूचेच बाह्य आवरण असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९७६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

या रोगाची खरी भीती त्याच्या मौनात आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात, आणि अनेकांना तर कोणतेच लक्षण जाणवत नाही. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव जणांचे शरीर विषाणूवर स्वतःहून मात करते. उरलेल्यांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम ठोकतो. जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी संसर्ग झाला, तर हे प्रमाण नेमके उलटे होते आणि शंभरांपैकी नव्वद बालके आयुष्यभर विषाणूवाहक राहतात. असा वाहक माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, शेतात राबतो, संसार करतो आणि एके दिवशी यकृत आकसण्याचा विकार किंवा यकृताचा कर्करोग घेऊन रुग्णालयाच्या दारी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख माणसे या दीर्घकालीन संसर्गासह जगत होती. त्यांपैकी २ कोटी ९८ लाख एकट्या भारतात होती. त्या एका वर्षात या रोगाने जगभर ११ लाख बळी घेतले. अभिनेते अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे की, १९८२ मध्ये 'कुली' चित्रपटाच्या वेळी झालेल्या अपघातानंतर त्यांना जे रक्त देण्यात आले, त्यातून हा संसर्ग त्यांच्या शरीरात शिरला, आणि कित्येक वर्षांनी तो ध्यानात आला तोवर यकृताचा मोठा भाग निकामी झाला होता. उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा ज्यांना सहज उपलब्ध होती, त्यांच्याबाबत असे घडले. मग खेड्यातील सफाई कामगाराला आपल्या रक्तात काय आहे हे कसे उमगावे?

सुईच्या टोकावरचा धोका

एचआयव्ही, अर्थात एड्सच्या विषाणूचे भय समाजमनात खोल रुजले आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाला वापरलेली सुई कर्मचाऱ्याला टोचली, तर संसर्गाची शक्यता हजारात तीन इतकी असते. हिपॅटायटिस 'बी' च्या बाबतीत, लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यासाठी हीच शक्यता शंभरात सहा ते तीस इतकी असते. रुग्णाच्या रक्तात विषाणू किती जोमाने वाढतो आहे, यावर हे प्रमाण अवलंबून राहते. ज्या रोगाला माणसे अधिक भितात त्यापेक्षा ज्याला ती भीत नाहीत तो रोग एका टोचणीतून कितीतरी पटींनी अधिक पसरतो, ही गोष्ट प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट या विषाणूच्या चिवटपणाची. वाळलेल्या रक्तातही तो शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. टेबलाच्या कडेवर वाळलेला रक्ताचा डाग, धुलाईसाठी गेलेल्या चादरीत राहून गेलेली सुई, न पुसलेली ट्रे, ही सारी त्याची आश्रयस्थाने होत. संसर्गासाठी डोळ्यांना न दिसण्याइतके रक्तही पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका जुन्या, २००० सालासाठी केलेल्या अंदाजानुसार जगातील साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २० लाखांना वर्षभरात रक्ताने माखलेले तीक्ष्ण उपकरण टोचले, आणि त्यातून सुमारे ६६ हजार जणांना हिपॅटायटिस 'बी' चा संसर्ग झाला. ही माणसे रोगी म्हणून रुग्णालयात आलेली नव्हती. ती दुसऱ्याचा रोग बरा करण्यासाठी आली होती.

ग्रामीण रुग्णालयाचे वास्तव

शासकीय व्यवस्थेत ग्रामीण रुग्णालय साधारणतः तीस खाटांचे असते. त्याच्या खाली प्राथमिक आरोग्य केंद्रे, आणि त्यांच्याही खाली उपकेंद्रे. धर्मादाय संस्थांचे दवाखानेही याच परिसरात, याच रुग्णांसाठी काम करतात. शहरातील मोठ्या रुग्णालयात प्रत्येक कामाला स्वतंत्र माणूस असतो. ग्रामीण भागात एकच परिचारिका बाळंतपण करते, सलाईन लावते, रक्त काढते आणि प्रसंगी खोलीही आवरते. ऊसतोडणीच्या हंगामात कोयत्याने हात कापलेला मजूर मध्यरात्री येतो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत एखादी माता प्रसूतिवेदनांनी तळमळत असते. वीज गेलेली असते. विजेरीच्या प्रकाशात टाके घातले जातात. हातमोज्यांचे खोके संपत आलेले असल्याने 'एवढ्या कामाला कशाला मोजे' असा विचार मनात येतो. रुग्णाच्या रक्तात विषाणू आहे किंवा नाही हे पाहण्यास सवड नसते, आणि रुग्णालाही ते ठाऊक नसते.

टोचण्याचे प्रसंग ठरावीक आहेत. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसविताना ती बोटात शिरते. रडणाऱ्या मुलाने हात झटकला की निसटते. कामाच्या घाईत कोणी ती सलाईनच्या बाटलीत किंवा गादीच्या कडेला खोचून ठेवते आणि दुसऱ्याच्या हाताला लागते. उपकरणे धुताना हात कापतो. प्रसूतीच्या वेळी रक्ताचा किंवा गर्भजलाचा शिंतोडा डोळ्यात उडतो. यातील कोणत्याही प्रसंगात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. असतो तो केवळ क्षणाचा प्रमाद.

सर्वात मोठा धोका कोणाला? डॉक्टरांना धोका आहेच. परंतु त्यांना रोगाचे ज्ञान असते आणि लस बहुधा विद्यार्थिदशेतच मिळालेली असते. ज्या मावशी कचऱ्याची पिशवी उचलतात, जो कामगार ती गाडीत टाकतो, जी बाई रक्ताळलेल्या चादरी धुते, त्यांनी सुई वापरलेली नसते. ती दुसऱ्याने वापरलेली असते आणि त्यांना दिसतही नाही. देशात झालेल्या अनेक पाहण्यांतून हे वारंवार आढळले आहे की, लसीच्या पूर्ण मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण डॉक्टरांमध्ये अधिक आणि सफाई कर्मचाऱ्यांमध्ये सर्वात कमी असते. ज्याचे वेतन सर्वात कमी, ज्याची नोकरी सर्वात कच्ची, त्याचेच संरक्षणही सर्वात तोकडे, हा न्याय कोणत्याही धर्माला मान्य होण्याजोगा नाही.

लस : विज्ञानाने दिलेले कवच

हिपॅटायटिस 'बी' वर प्रभावी लस उपलब्ध आहे. पहिली लस अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता पावली. ती विषाणूवाहक व्यक्तींच्या रक्तद्रवापासून बनविलेली होती. १९८६ मध्ये जनुकीय तंत्राने, यीस्टच्या पेशींत विषाणूच्या आवरणातील केवळ एक प्रथिन तयार करून बनविलेली लस आली, आणि तीच पद्धत पुढे रूढ झाली. या लसीत जिवंत अथवा मृत विषाणू नसतो. त्यामुळे तिच्यापासून रोग होण्याचा संभव नाही. मानवी रक्ताचाही तिच्या निर्मितीत उपयोग केला जात नाही.

ही लस प्रारंभी परदेशातून येई आणि तिचे मूल्य सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. १९९७ मध्ये हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने भारतात विकसित केलेली पहिली अशी लस बाजारात आणली आणि लसीचे दर झपाट्याने खाली आले. २००२-०३ मध्ये काही निवडक शहरांत व जिल्ह्यांत बालकांच्या लसीकरणात तिचा समावेश झाला आणि २०११-१२ पर्यंत ती देशभरच्या बालकांसाठी उपलब्ध झाली.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. नवजात बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत या लसीची पहिली मात्रा द्यावयाची असते, आणि ती ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकाच देते. परंतु आज सेवेत असलेले बहुसंख्य कर्मचारी ही योजना देशभर पोहोचण्यापूर्वी जन्मलेले आहेत. म्हणजे जी भगिनी दररोज इतरांच्या बाळांना कवच घालते, तिच्या स्वतःच्या अंगावर ते असेलच असे नाही.

प्रौढांसाठी लसीच्या तीन मात्रा असतात : पहिली आज, दुसरी एक महिन्याने आणि तिसरी पहिल्यापासून सहा महिन्यांनी. ती दंडाच्या स्नायूत देतात. मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागत नाही. राहिलेली मात्रा घेऊन क्रम पूर्ण करता येतो. गर्भवती परिचारिकेलाही ही लस देता येते. निरोगी प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक व्यक्तींत तीन मात्रांनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होते. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांची पातळी १० एकक किंवा त्याहून अधिक आढळली, की ती व्यक्ती सुरक्षित झाली असे समजावे. निरोगी व्यक्तीला पुढे वारंवार मात्रा घेण्याचे कारण राहत नाही. पातळी कमी आढळल्यास तीन मात्रांचा क्रम पुन्हा एकदा द्यावयाचा असतो.

लसीच्या साठवणुकीतही काळजी हवी. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. उष्णतेने ती हळूहळू क्षीण होते, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु गोठल्यास ती तत्काळ निकामी होते, हे अनेकांना माहीत नसते. चांगल्या हेतूने बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली लस टोचली गेली, तर कर्मचारी स्वतःला सुरक्षित समजतो आणि प्रत्यक्षात असुरक्षित राहतो.

लसीसंबंधी एक शंका धर्मनिष्ठ कुटुंबांतून विचारली जाते : अशा सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने तयार झालेली वस्तू अहिंसेच्या व्रतात बसते काय? आचार्यांनी गृहस्थाच्या जीवनातील हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत. श्रावकाने संकल्पपूर्वक करावयाची हिंसा सोडावी आणि उरलेली विवेकाने कमीत कमी ठेवावी, अशी मर्यादा आखून दिली आहे. प्राणरक्षणाचे साधन स्वीकारणे हा संकल्पी हिंसेचा प्रकार नव्हे. तरीही ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या गुरूंशी विचारविनिमय करावा. परंतु स्वतःची शंका दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या संरक्षणाआड येऊ देऊ नये.

दोन समिती आणि रुग्णालय

लस हे कवच आहे, परंतु कवच आहे म्हणून कोणी तलवारीवर चालून जात नाही. हिपॅटायटिस 'सी' आणि एचआयव्ही यांवर लस नाही, आणि तेही याच सुईच्या वाटेने येतात. म्हणून सावधगिरीच्या आचारास पर्याय नाही.

या ठिकाणी जैन आचारधर्म आणि आधुनिक रुग्णालयशास्त्र यांच्यातील साम्य पाहून मन थक्क होते. मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आणि उत्सर्ग समिती यांचा समावेश आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना काळजी घेणे ही पहिली. त्याज्य पदार्थांचा त्याग निर्दोष जागी, कोणत्याही जीवास पीडा होणार नाही अशा रीतीने करणे ही दुसरी. दिगंबर मुनी पिंछीने जागा झाडून घेतल्याशिवाय कमंडलू खाली ठेवीत नाहीत; श्वेतांबर साधू-साध्वी रजोहरणाने भूमी पुंजून घेतात. वस्तू कोठे ठेवली याला ज्या धर्माने एवढे महत्त्व दिले, त्या धर्माच्या अनुयायांना वापरलेली सुई गादीत खोचणे हा दोष आहे, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आदान-निक्षेपणाचा रुग्णालयातील अर्थ असा : वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. सुई हाताने वाकवू किंवा मोडू नये. ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये. मध्ये ट्रे ठेवावा. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात मोजे घालावेत, आणि शिंतोडे उडण्याचा संभव असेल तेथे डोळ्यांवर चष्मा व अंगावर आवरण असावे. हे नियम रोगी ठरलेल्यांपुरते नव्हेत, तर प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखेच पाळावेत. कारण रक्ताकडे पाहून विषाणू ओळखता येत नाही.

उत्सर्गाचा अर्थ असा : ज्याने सुई वापरली, त्यानेच ती तेथल्या तेथे न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. डबा तीन चतुर्थांश भरताच बंद करावा. सुई काढलेली सिरिंज, सलाईनच्या नळ्या व मोजे लाल पिशवीत; रक्ताळलेला कापूस, पट्ट्या व वार पिवळ्या पिशवीत; औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीचे नियम देशात प्रथम १९९८ मध्ये आणि नव्या स्वरूपात २०१६ मध्ये लागू झाले. २०१६ च्या नियमांनी रुग्णालय चालविणाऱ्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे की, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस 'बी' आणि धनुर्वात यांची लस द्यावी, त्यांची वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करावी आणि त्यांना प्रशिक्षण द्यावे. हे बंधन धर्मादाय रुग्णालयांसही तितकेच लागू आहे.

उत्सर्ग चुकला तर काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. २००९ च्या प्रारंभी गुजरातमधील मोडासा आणि परिसरात हिपॅटायटिस 'बी' ची मोठी साथ आली. वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्याने ती पसरल्याचे निष्पन्न झाले. अनेकांचे प्राण गेले. टाकून दिलेल्या सिरिंजा भंगाराच्या मार्गाने पुन्हा बाजारात येऊ शकतात, ही गोष्ट त्या वेळी चव्हाट्यावर आली. जेथे कचरा नीट नष्ट होत नाही, तेथे प्रथम कर्मचारी, नंतर कचरा वेचणारा आणि शेवटी पुन्हा रुग्णच त्याचा बळी ठरतो.

सुई टोचलीच तर

इतकी काळजी घेऊनही अपघात घडू शकतो. अशा वेळी टोचलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट तोंडात घालू नये, जखम पिळू नये, तीव्र रसायने लावू नयेत. डोळ्यात शिंतोडा उडाल्यास स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ डोळा धुवावा. त्यानंतर लाज न बाळगता वरिष्ठांना तत्काळ सांगावे. ज्याने लस घेतली आहे आणि ज्याची प्रतिकारशक्ती सिद्ध झाली आहे, त्याला हिपॅटायटिस 'बी' साठी आणखी उपचाराची गरज नसते. ज्याने लस घेतलेली नाही, त्याला शक्यतो चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा द्यावी. आणि रुग्ण बाधित असल्यास त्याबरोबर प्रतिपिंडांचे तयार इंजेक्शनही द्यावे लागते. हे इंजेक्शन महाग असते आणि खेड्यात सहसा मिळत नाही. टोचल्यानंतर सात दिवस उलटल्यावर त्याच्या उपयोगाची खात्री देता येत नाही. ते जिल्ह्याच्या ठिकाणी कोठे मिळेल, याची माहिती अपघातानंतर शोधत बसण्यापेक्षा आधीच भिंतीवर लावलेली बरी. एचआयव्हीसंबंधीचे प्रतिबंधक औषधही काही तासांतच सुरू करावे लागते, म्हणून विलंब सर्वथा टाळावा.

अनेक कर्मचारी सुई टोचल्याचे सांगतच नाहीत. रागावणी होईल, कामावरून काढतील, लोक नावे ठेवतील, अशी भीती त्यांना वाटते. ज्या संस्थेत खरे बोलणाऱ्यास शिक्षा होते, तेथे सत्यव्रताचे पालन कसे व्हावे? अपघात सांगणाऱ्याचे आभार मानण्याची रीत प्रत्येक रुग्णालयाने घालून घ्यावी.

बाधित कर्मचाऱ्याविषयी

तपासणीत एखादा कर्मचारी विषाणूवाहक आढळला तर काय करावे? या प्रश्नावर समाजाच्या करुणेची कसोटी लागते. हा रोग एकत्र जेवल्याने, हस्तांदोलनाने, खोकल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा एका भांड्यातील पाणी प्याल्याने पसरत नाही. अशा व्यक्तीची नोकरी काढून घेण्याचे, तिला पंगतीत वेगळे बसविण्याचे किंवा तिच्या मुलीचे लग्न अडविण्याचे काहीही कारण नाही. तिचा अहवाल गुप्त राखावा. घरातील अन्य व्यक्तींची तपासणी करून त्यांना लस द्यावी. विषाणू पूर्णपणे नष्ट करणारे औषध अद्याप हाती आलेले नसले, तरी त्याची वाढ रोखणाऱ्या परिणामकारक गोळ्या उपलब्ध आहेत आणि त्यांनी यकृत दीर्घकाळ वाचविता येते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य देण्याची तरतूद आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण हाही त्याच कार्यक्रमाचा भाग आहे. काविळीवर गावठी उपाय करीत दिवस घालविण्याऐवजी या व्यवस्थेचा लाभ घेणे हिताचे.

न्यासापुढील कार्य

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा जसा क्षण असतो, तसा नवा संकल्प करण्याचाही असतो. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी तरतूद आहे; परंतु धर्मादाय दवाखाने, लहान खाजगी रुग्णालये, प्रयोगशाळा येथील माणसे, कंत्राटी सफाई कामगार आणि कपडे धुणाऱ्या बायका बहुधा कोणत्याच यादीत नसतात. जी माणसे यादीत नाहीत त्यांची यादी करणे, हे पहिले काम होय.

दुसरे काम लसीकरणाचे. हिशेब अगदी सोपा आहे. चाळीस माणसांच्या रुग्णालयाला तीन फेऱ्यांत १२० मात्रा लागतात. प्रौढांच्या दहा मात्रांची एक बाटली मिळते. म्हणजे प्रत्येक फेरीस चार, एकूण बारा बाटल्या. एखाद्या समारंभातील पुष्पहार आणि मंडप यांच्या खर्चाशी तुलना केली, तर हा भार एखाद्या कुटुंबालाही पेलण्याजोगा आहे. आई-वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ एका रुग्णालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे लसीकरण, हे औषधदान आणि अभयदान एकाच वेळी घडविणारे दान ठरेल.

तिसरे काम स्मरणाचे. अनुभव असा आहे की पहिली मात्रा उत्साहाने घेतली जाते, दुसरीला उपस्थिती घटते आणि तिसरी विसरली जाते. अपुरे लसीकरण हे अर्ध्यावर सोडलेल्या व्रतासारखे असते. यासाठी आपल्या पंचांगाचाच आधार घेता येईल. चैत्र शुद्ध त्रयोदशीला, भगवान महावीर जयंतीच्या पर्वावर पहिली मात्रा द्यावी. वैशाखात, एक महिन्याने दुसरी. आणि आश्विनात, भगवंतांच्या निर्वाणोत्सवापूर्वी तिसरी. जन्मकल्याणकापासून निर्वाणकल्याणकापर्यंतचा हा काळ लसीच्या सहा महिन्यांच्या क्रमाशी चांगला जुळतो. ज्या वर्षी मध्ये अधिक मास येईल, त्या वर्षी तिसरी मात्रा तिथीकडे न पाहता सहा महिने भरताच द्यावी. प्रत्येक कर्मचाऱ्याला तीन तारखांचे एक कार्ड द्यावे आणि न्यासाच्या कार्यालयात त्याची नोंदवही ठेवावी. तीन रकाने भरल्याशिवाय कार्य संपले असे मानू नये.

चौथे काम साधनांचे : सुई कापण्याचे यंत्र, पांढरे डबे, पुरेसे मोजे आणि कचरा उचलणाऱ्यांसाठी जाड मोजे व बूट. भिंतीवर दात्याचे नाव कोरलेली पाटी लागते त्याच भिंतीवर, खाली, सुईचा डबा लटकलेला असावा. पाटीमुळे दात्याची कीर्ती वाढेल. त्या डब्यामुळे एखाद्याचे यकृत वाचेल.

अंतरंग तपांत वैयावृत्त्याची गणना आहे. थकलेल्या, आजारी साधूची सेवा हे तप मानले गेले, कारण सेवेत स्वतःचा देह झिजवावा लागतो. खेड्यातील परिचारिका आणि सफाई कामगार, जन्माने कोणत्याही धर्माचे असोत, हेच तप रोज आचरीत आहेत. त्यांनी देह झिजवावा हे त्यांनी स्वीकारले आहे; परंतु एका निष्काळजी सुईने त्यांचे प्राण जावेत, हे समाजाने स्वीकारू नये. जैन आचार्यांनी हिंसेचा विचार करताना प्रमादाला, गाफीलपणाला, मध्यवर्ती स्थान दिले. उपाय ठाऊक असून, लस उपलब्ध असून आणि खर्च आवाक्यात असून जो संसर्ग होतो, तो केवळ दैवाचा भाग म्हणून सोडून देता येणार नाही.

न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांचा प्रारंभ एका साध्या नोंदवहीने व्हावा. तिच्या पहिल्या पानावर विश्वस्तांची किंवा दात्यांची नावे नकोत. दवाखान्यातील सर्वात शेवटच्या पायरीवर काम करणाऱ्या मावशींचे नाव तेथे असावे, आणि त्यापुढील तिन्ही रकाने भरलेले असावेत.